वाचकांचे प्रश्न : छत्रीधारी सैनिक होण्याची वाट

विमानातून छत्रीच्या साहाय्याने उतरणाऱ्या सैनिकांविषयी, म्हणजे ज्यांना आपल्याकडे सरसकट ‘पॅरा कमांडो’ म्हटले जाते त्यांच्याविषयी, या सदराकडे सातत्याने पत्रे येतात. त्यांतील बरीचशी पत्रे सातारा, सांगली, कोल्हापूर, रायगड या सैनिकी परंपरेच्या जिल्ह्यांतून येतात आणि ती केवळ कुतूहलापोटी लिहिलेली नसतात. घरातल्या मुलाने किंवा मुलीने आयुष्याचा निर्णय घ्यायचा असतो आणि मिळणारी माहिती बहुतेक वेळा ऐकीव असते. म्हणून या वेळी संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझा मुलगा नुकताच बारावी झाला. आमच्या भागातील एका भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्राने ‘थेट पॅरा कमांडो भरती’ची हमी देऊन वर्षाची मोठी फी सांगितली आहे. अशी थेट भरती असते का? पैसे भरावेत का? (एक पालक, कोरेगाव, जि. सातारा)

आपण पैसे भरण्यापूर्वी विचारले हे फार चांगले केले. पॅरा कमांडो म्हणून थेट भरती करून देण्याची हमी कोणतेही खाजगी केंद्र देऊ शकत नाही, कारण तशी हमी देण्याचा अधिकार खुद्द भरती कार्यालयालाही नसतो. शिपाई म्हणून सैन्यात जाण्याचा मार्ग सर्वांसाठी एकच आहे. अग्निवीर पदासाठी लष्कराच्या अधिकृत संकेतस्थळावर नोंदणी करायची, संगणकावरची सामायिक लेखी परीक्षा उत्तीर्ण व्हायची, त्यानंतर मेळाव्यात शारीरिक चाचणी आणि वैद्यकीय तपासणी द्यायची आणि गुणवत्ता यादीत नाव आले तर कोणती रेजिमेंट मिळते याची वाट पाहायची. सोळाशे मीटरची धाव, आडव्या दांड्यावरचे पुल-अप्स, नऊ फुटांचा खंदक ओलांडणे आणि तोल सांभाळण्याची चाचणी हे मैदानावरचे मुख्य भाग आहेत. या टप्प्यापर्यंत पायदळात जाणारा मुलगा आणि छत्रीधारी होऊ इच्छिणारा मुलगा यांच्यात काहीही फरक नसतो.

यापुढे दोन वाटा आहेत. काही निवडक जवान भरतीनंतर थेट बेंगळुरूच्या पॅराशूट रेजिमेंट प्रशिक्षण केंद्रात पाठवले जातात. इतर रेजिमेंटमधील जवान, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचा असो, तोफखान्याचा असो की अभियंत्यांच्या दलातला असो, पुढे स्वेच्छेने अर्ज करून निवडीला उतरतात. दोन्ही वाटांवर स्वेच्छा ही अट आहे आणि दोन्ही वाटांवर निवडीचा काळ काढावाच लागतो. तो काळ कोणाच्याही ओळखीने किंवा कोणाच्याही पैशाने टळत नाही.

चांगले प्रशिक्षण केंद्र मुलाची धाव सुधारू शकते, लेखी परीक्षेची तयारी करून घेऊ शकते आणि त्याला शिस्त लावू शकते. त्यासाठी वाजवी फी देण्यात गैर काही नाही. पण जे केंद्र ‘पॅरा’ हा शब्द फलकावर लिहून दुप्पट पैसे मागते, ते शेतकरी कुटुंबाच्या आशेचा व्यापार करते, असे मी स्पष्टपणे म्हणेन. मुलाला रोज पहाटे धावू द्या, गणित आणि सामान्य ज्ञान पक्के करू द्या, आणि भरतीची जाहिरात स्वतः वाचण्याची सवय लावा. वय, उंची आणि शिक्षण यांच्या अटी त्या जाहिरातीतच पाहाव्यात, कारण त्यांत वेळोवेळी बदल होतात.

प्रश्न : आग्र्याला नेमके काय शिकवतात? पाच उड्या मारल्या की माणूस पॅराट्रूपर होतो, हे खरे का? आणि विमानाच्या दारात भीती वाटली तर काय होते? (महाविद्यालयीन विद्यार्थी, चंदगड, जि. कोल्हापूर)

पाच उड्यांचे खरे आहे, पण ती गोष्टीची अर्धी बाजू झाली. उड्यांच्या आधी निवडीचा काळ असतो आणि तो उड्यांपेक्षा कितीतरी अधिक जणांना परत पाठवतो. साध्या पॅरा बटालियनसाठी हा काळ साधारण तीन महिन्यांचा आणि स्पेशल फोर्सेससाठी, म्हणजे खऱ्या अर्थाने ‘पॅरा कमांडो’ असलेल्या बटालियनसाठी, साधारण सहा महिन्यांचा असतो. पाठीवर वजन आणि हातात शस्त्र घेऊन दहा, वीस, तीस, चाळीस किलोमीटर अशा वाढत जाणाऱ्या दौडी, रात्रीची दिशाशोधन मोहीम, अपुरी झोप, अपुरे अन्न आणि त्याच अवस्थेत नेमबाजी, स्फोटके, प्रथमोपचार, संदेशवहन यांच्या परीक्षा असे त्याचे स्वरूप असते. स्पेशल फोर्सेसच्या निवडीत शंभर किलोमीटरची दौडही असते. येथे स्नायूंइतकीच मनाची तपासणी होते. दोन रात्री न झोपलेला माणूस सोबत्यावर चिडतो का, नकाशा वाचताना घाईने चूक करतो का, स्वतःचे पाणी दुसऱ्याला देतो का, हे शिक्षक टिपत असतात. जो थांबतो तो आपल्या मूळ पलटणीत परत जातो.

आग्र्याची पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूल ही संस्था भारतीय हवाई दल चालवते आणि तेथील उडी शिकवणारे प्रशिक्षक हवाई दलाचे असतात. येथे पहिले धडे जमिनीवरचे असतात आणि त्यांतला सर्वांत महत्त्वाचा धडा पडायचे कसे हा असतो. दोन्ही पाय आणि गुडघे घट्ट जुळवून ठेवायचे, जमीन लागताच पाय ताठ न ठेवता अंग एका बाजूला सोडायचे, म्हणजे धक्का पोटरी, मांडी, नितंब आणि खांद्यामागचा भाग यांत वाटला जातो. एकच पाय आधी टेकला किंवा जमिनीकडे पाहून पाय लांब केला, तर घोटा किंवा गुडघा जातो. म्हणून हीच कृती शेकडो वेळा करून घेतात, इतकी की विचार न करता शरीराने ती करावी. त्यानंतर विमानाच्या सांगाड्यातून दाराबाहेर पडण्याचा सराव, पट्ट्यांमध्ये लटकून छत्री वळवण्याचा सराव आणि छत्री नीट न उघडल्यास छातीवरची राखीव छत्री वापरण्याचा सराव होतो.

मग आग्र्याजवळच्या मालपुरा येथील मैदानावर खऱ्या उड्या होतात. पाच उड्यांपैकी एक रात्रीची असते. विमान बहुधा ए.एन.-३२ असते आणि उंची साधारण साडेबाराशे फूट. जवानाच्या मुख्य छत्रीची एक पट्टी विमानातल्या तारेला अडकवलेली असते, त्यामुळे तो बाहेर पडताच छत्री आपोआप ओढली जाऊन उघडते. बाहेर पडल्यावर मोजत राहायचे, वर पाहून छत्री पूर्ण फुलली आहे याची खात्री करायची, आजूबाजूच्या जवानांपासून अंतर राखायचे, वाऱ्याची दिशा ओळखायची आणि उतरण्याच्या तयारीत यायचे. एवढ्या सगळ्यासाठी हातात जेमतेम मिनिटभर असते. तांबडा दिवा लागला की दाराशी सज्ज व्हायचे आणि हिरवा लागला की एकामागोमाग एक बाहेर पडायचे. येथे सेकंदाचा विलंब म्हणजे खाली कित्येक मीटरचे अंतर असते, आणि लढाईत त्या अंतराचा अर्थ आपल्या तुकडीपासून तुटणे असा होतो.

भीतीविषयी आपण मोकळेपणाने विचारलेत म्हणून तितक्याच मोकळेपणाने सांगतो. भीती सर्वांना वाटते आणि वाटल्याबद्दल कोणी शिक्षा करत नाही. प्रशिक्षणाच्या काळात दाराशी कोणी ठाम नकार दिला, तर त्याला मागे घेतले जाते आणि परत पाठवले जाते, कारण ही सेवा स्वेच्छेची आहे. शिवाय अनेकांच्या मते दुसरी उडी पहिलीपेक्षा अवघड असते. पहिल्या वेळी पुढे काय आहे हे ठाऊक नसते, दुसऱ्या वेळी ते पुरते ठाऊक असते.

पाच उड्यांनंतर छातीवर पंखांचे चिन्ह लागते, पण शिक्षण संपत नाही. पुढे कोणी गुलमर्गच्या उच्च पर्वतीय युद्धशाळेत जातो, कोणी मिझोराममधील वैरेंगटे येथे जंगलयुद्ध शिकतो, कोणी कोचीला नौदलाकडून पाण्याखालचे पोहणे शिकतो. स्पेशल फोर्सेसचे जवान कॉम्बॅट फ्री फॉल शिकतात. त्यात विमान खूप उंचावर असते, छत्री तारेने उघडत नाही, जवान स्वतः ठरलेल्या उंचीवर ती उघडतो आणि बरेच अंतर तरंगत जाऊन नेमक्या जागी उतरतो.

प्रश्न : पॅरा आणि पॅरा कमांडो यांत फरक काय? युद्ध नसताना हे जवान काय करतात? (एक वाचक, अंबाजोगाई, जि. बीड)

दोघेही पॅराशूट रेजिमेंटचे, दोघांच्याही डोक्यावर तपकिरी-तांबडी मरून टोपी, दोघेही उडी मारणारे. फरक कामाचा आहे. साध्या पॅरा बटालियन मोठ्या संख्येने एकत्र उतरतात, पूल, धावपट्टी किंवा नाका ताब्यात घेतात आणि जमिनीवरून येणारे आपले सैन्य पोहोचेपर्यंत तो धरून ठेवतात. त्यांच्यापाशी रणगाडे नसतात, जड तोफा फारशा नसतात, दारूगोळा तेवढाच असतो जेवढा बरोबर उतरला. त्यामुळे वेळेवर जोडणी झाली नाही तर त्यांची अवस्था बिकट होते. स्पेशल फोर्सेसच्या, म्हणजे पॅरा कमांडोंच्या, बटालियन लहान तुकड्यांत काम करतात. शत्रूच्या मागे जाऊन टेहळणी, छापा, ओलिसांची सुटका आणि दहशतवाद्यांविरुद्धच्या नेमक्या कारवाया ही त्यांची कामे आहेत. सप्टेंबर २०१६ मध्ये नियंत्रण रेषेपलीकडे झालेले हल्ले आणि जून २०१५ मधील म्यानमार सीमेवरील कारवाई अशाच तुकड्यांनी केली.

युद्ध नसताना या जवानांचे मोठे आयुष्य जम्मू-काश्मीर आणि ईशान्य भारतात जाते. बाकीचा वेळ सरावात जातो, कारण उडीची सवय सुटली तर पात्रता टिकत नाही. पॅराचे अधिकारी इतर दलांतही नेमले जातात. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक मूळचे २१ पॅरा स्पेशल फोर्सेसचे होते, साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्ये शिकलेले. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाडा भागात वीरमरण आले तेव्हा ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचे नेतृत्व करत होते. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी त्यानंतर निवड मंडळाची परीक्षा दिली, चेन्नईच्या अकादमीत प्रशिक्षण घेतले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या सैन्यात अधिकारी झाल्या. २१ पॅरा ही बटालियनही मूळची मराठा लाइट इन्फंट्रीचीच. १९९६ मध्ये तिचे रूपांतर झाले.

प्रश्न : मराठा पलटणीतील जवान १९७१ च्या युद्धात विमानातून उतरले होते, असे माझे वडील सांगत. त्याचा काही आधार आहे का? आणि क्षेपणास्त्रांच्या काळात छत्रीने सैन्य उतरवण्याला काही अर्थ उरला आहे का? (निवृत्त शिक्षक, माणगाव, जि. रायगड)

आपले वडील खरे सांगत होते, आणि आपण माणगावचे असल्यामुळे या गोष्टीचा आपल्या तालुक्याशी किती जवळचा संबंध आहे हे सविस्तर सांगण्याचा मोह आवरत नाही.

१५ एप्रिल १९५२ रोजी पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली तेव्हा तीन जुन्या बटालियन तिच्यात घेतल्या गेल्या. एक पंजाब रेजिमेंटची, एक कुमाऊँची आणि तिसरी मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. या तिसऱ्या बटालियनचे नाव २ पॅरा (मराठा) असे झाले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चालून गेलेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे याच तिसऱ्या बटालियनचे होते. ते आपल्या माणगाव तालुक्यातले. म्हणजे पुढे १९७१ मध्ये जी पलटण पूर्व पाकिस्तानातील टांगाईलला उतरली, ती घाडगे यांचीच पलटण होती.

छत्रीधारी म्हणून या पलटणीचा प्रवास १९५२ च्याही आधी सुरू झाला होता. स्वातंत्र्याच्या सुमारास ती ५० व्या पॅराशूट ब्रिगेडमध्ये होती आणि १९४८ मध्ये ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांच्या हाताखाली नौशेरा आणि झांगडच्या परिसरात लढली. ३ जुलै १९४८ रोजी झांगड येथे तोफगोळ्याने उस्मान यांचा मृत्यू झाला. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. त्या लढाया मात्र पायदळ म्हणूनच लढल्या गेल्या, आकाशातून उतरण्याची वेळ आली नाही.

ती वेळ ११ डिसेंबर १९७१ रोजी आली. पूर्व पाकिस्तानच्या उत्तरेकडून पाकिस्तानी सैन्य मैमनसिंगहून ढाक्याकडे मागे सरत होते. ते ढाक्याला पोहोचले असते, तर शहर जिंकणे अधिक कठीण झाले असते. त्यांच्या वाटेवर टांगाईलजवळ लोहजंग नदीवर पुंगलीचा पूल होता. दुपारी साडेचारच्या सुमारास लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली २ पॅरा आणि तिच्याबरोबरची तोफखान्याची व इतर सहायक पथके छत्र्यांनी उतरली. वाऱ्यामुळे माणसे आणि सामान बरेच विखुरले, तरीही एकत्र येऊन संध्याकाळी सातच्या सुमारास त्यांनी पूल घेतला. रात्रभर माघार घेणाऱ्या पाकिस्तानी तुकड्यांनी तो परत मिळवण्यासाठी हल्ले केले आणि ते परतवले गेले. कॅप्टन पी. के. घोष हे आधीच गुप्तपणे त्या भागात पोहोचले होते आणि कादर सिद्दीकी यांच्या मुक्तिसैनिकांशी त्यांनी संधान बांधले होते. त्या तयारीशिवाय ही उडी एवढी यशस्वी झाली नसती.

आता यातला मला सर्वांत भावणारा भाग. दुसऱ्या दिवशी, १२ डिसेंबरच्या संध्याकाळी, जमिनीवरून लढत येऊन पुंगलीच्या पुलावर २ पॅराला जी पलटण मिळाली, ती मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती, म्हणजे ‘जंगी पलटण’. जमालपूर जिंकून ती थेट पुढे आली होती. एकाच जुन्या रेजिमेंटची दोन भावंडे, एक आकाशातून आलेले आणि एक रस्त्याने आलेले, त्या पुलावर भेटली. पुढे १६ डिसेंबरला मेजर जनरल गंधर्व नागरा यांच्याबरोबर ढाक्यात सर्वांत आधी शिरलेल्या सैन्यात २ पॅरा होती. पन्नू यांना महावीरचक्र मिळाले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. आधुनिक विमानविरोधी क्षेपणास्त्रांच्या टप्प्यात संथ मालवाहू विमानांची रांग उडवून हजारो माणसे उतरवणे आज फार धोक्याचे आहे, आणि ते धोके आधीपेक्षा वाढलेच आहेत. टांगाईललासुद्धा आकाशावर पूर्ण ताबा मिळाल्यानंतरच उडी झाली होती. पण छत्रीधारी सैन्याचा उपयोग केवळ उडीत नसतो. ते काही तासांत सामान घेऊन विमानात बसू शकते, ही त्याची खरी किंमत. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी मालदीवमध्ये राष्ट्राध्यक्ष गयूम यांच्याविरुद्ध भाडोत्री सैनिकांनी उठाव केला, तेव्हा त्याच रात्री आग्र्याहून ब्रिगेडियर फारुख बलसारा यांच्या नेतृत्वाखाली ६ पॅराचे जवान आय.एल.-७६ विमानांतून हुलहुले विमानतळावर पोहोचले. धावपट्टी शत्रूच्या हाती असती तर उडी मारण्याची तयारी होती. धावपट्टी मोकळी मिळाली, विमाने उतरली आणि राष्ट्राध्यक्ष काही तासांत सुरक्षित झाले. एकही छत्री न उघडता साधलेले ते छत्रीधारी सैन्याचे यश होते. उलट टांगाईलच्या उडीने मानसिक परिणामही केला. परदेशी वृत्तपत्रांत अख्खी ब्रिगेड उतरल्याचे छापून आले आणि ढाक्यातील पाकिस्तानी नेतृत्वाचा धीर खचण्यास त्या बातम्यांची मदत झाली, असे मानले जाते.

प्रश्न : पॅरा कमांडोला लाखाच्या वर पगार मिळतो, असे मोबाइलवरच्या चित्रफितींत सांगतात. खरे आकडे काय आहेत? (एक माता, जत, जि. सांगली)

ताई, त्या चित्रफितींत बहुधा अधिकाऱ्याचा पगार शिपायाच्या नावावर सांगितलेला असतो. म्हणून दोन्ही वेगळे करून सांगतो.

सातव्या वेतन आयोगानुसार नियमित शिपायाचे मूळ वेतन दरमहा २१,७०० रुपयांपासून सुरू होते. त्यावर ५,२०० रुपये सैनिकी सेवा वेतन मिळते. या दोहोंवर महागाई भत्ता लागतो. जुलै २०२५ पासूनचा ५८ टक्के दर धरला, तर ही रक्कम ४२,५०० च्या आसपास जाते. लेफ्टनंटचे मूळ वेतन ५६,१०० रुपये आणि सैनिकी सेवा वेतन १५,५०० रुपये आहे. त्याच दराने महागाई भत्ता धरल्यास रक्कम एक लाख तेरा हजारांच्या पुढे जाते. लाखाचा आकडा येथून येतो.

मात्र आपला मुलगा आज भरती झाला, तर तो आधी अग्निवीर असेल आणि त्याचे गणित वेगळे आहे. पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,००० असे ठरलेले वेतन आहे. त्यातील ३० टक्के सेवा निधीत कापले जातात, त्यामुळे हातात पहिल्या वर्षी २१,००० आणि चौथ्या वर्षी २८,००० येतात. कापलेल्या रकमेइतकीच भर सरकार घालते आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये मिळतात. त्यावर प्राप्तिकर नाही. सेवाकाळात ४८ लाखांचे विमा संरक्षण असते. या वेतनावर महागाई भत्ता आणि सैनिकी सेवा वेतन मिळत नाही, पण नेमणुकीनुसार जोखमीचे भत्ते मिळतात. चार वर्षांनंतर एका तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के जवानांना नियमित सेवेत घेतले जाते, आणि वर दिलेले शिपायाचे वेतन व निवृत्तिवेतन त्यांच्यासाठीच आहे. हा मुद्दा घरात बसून नीट समजून घ्यावा, कारण चित्रफितींत तो सोयीस्करपणे गाळला जातो.

उडीचा पॅरा भत्ता आणि स्पेशल फोर्सेसचा भत्ता हे वेतनाव्यतिरिक्त दरमहा मिळतात. २०१७ पासून असे भत्ते जोखीम आणि खडतरपणा यांच्या एका कोष्टकानुसार ठरतात. जितकी जोखीम आणि जितके हाल अधिक, तितका भत्ता अधिक. या कोष्टकात सर्वांत वर सियाचीन आहे. तेथे त्या वर्षी जवानांसाठी ३०,००० आणि अधिकाऱ्यांसाठी ४२,५०० रुपये दर ठरला. नौदलाच्या मार्कोस कमांडोंसाठी तो अनुक्रमे १७,३०० आणि २५,००० होता. हे भत्ते त्या त्या नेमणुकीपुरते असतात. जवान पॅरा पलटणीतून दुसरीकडे गेला किंवा वैद्यकीय कारणाने उडीसाठी अपात्र ठरला, तर भत्ता थांबतो. म्हणून घराचे कर्ज किंवा बहिणीच्या लग्नाचा खर्च या भत्त्याच्या भरवशावर ठरवू नये, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

प्रश्न : मला डॉक्टर व्हायचे आहे आणि छत्रीनेही उतरायचे आहे. मुलींना ही वाट खुली आहे का? (अकरावीतील विद्यार्थिनी, अमरावती)

होय, आणि डॉक्टर होण्याचा तुझा विचार या बाबतीत सर्वांत सरळ वाटेचा आहे. पॅराशूट रेजिमेंटच्या लढाऊ बटालियनमध्ये सध्या महिलांची नेमणूक होत नाही. पण छत्रीधारी ब्रिगेडबरोबर डॉक्टर, अभियंते, संदेशवहन आणि पुरवठा यांची पथकेही उतरतात. पुण्याजवळच्या खडकीतील बॉम्बे सॅपर्सची ४११ पॅराशूट फील्ड कंपनी हे त्यांतले एक जुने उदाहरण. अशा सहायक दलांत महिला अधिकाऱ्यांनी उडीचे प्रशिक्षण घेतले आहे. हवाई दलाच्या डॉक्टर गीता चंदा यांनी १९५९ मध्ये उडी मारली. त्या देशातील पहिल्या महिला छत्रीधारी. १९९६ मध्ये कॅप्टन रुची शर्मा भूदलाच्या पहिल्या महिला ऑपरेशनल पॅराट्रूपर झाल्या.

तुझ्या स्वप्नाशी थेट जुळणारी संस्था म्हणजे ६० पॅरा फील्ड हॉस्पिटल. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज हे १९४१ मध्ये छत्रीने उतरलेल्या पहिल्या भारतीयांपैकी एक होते. त्यांच्या नेतृत्वाखाली हे वैद्यकीय पथक कोरियाच्या युद्धात गेले आणि मार्च १९५१ मध्ये त्यातले काही निवडक जण अमेरिकी छत्रीधारी सैन्याबरोबर मुन्सान येथे उतरले. हाती शस्त्रक्रियेचे साहित्य घेऊन शत्रूच्या प्रदेशात उडी मारणे यात काय धैर्य लागत असेल, याचा विचार कर. याच हॉस्पिटलचे ९९ जणांचे पथक फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपानंतर हाताय प्रांतातील इस्केंदेरून येथे पोहोचले. त्यात महिला डॉक्टरही होत्या.

नीट परीक्षेची तयारी कर आणि पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचा पर्याय समोर ठेव. तेथून बाहेर पडल्यावर सैन्यात सेवा करणे बंधनकारक असते आणि पॅरासाठी स्वेच्छेने अर्ज करता येतो. व्यायाम मात्र आजपासून सुरू कर. निवडीच्या वेळी डॉक्टर म्हणून कोणी सवलत देत नाही.

प्रश्न : महेंद्रसिंग धोनी यांनी पाच उड्या मारल्या होत्या, मग त्यांच्या हातमोज्यावरचे ‘बलिदान’ चिन्ह कोणीही वापरू शकते का? (शालेय विद्यार्थी, ठाणे)

नाही. धोनी हे प्रादेशिक सेनेच्या पॅरा बटालियनचे मानद लेफ्टनंट कर्नल आहेत आणि ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांनी आग्र्याला पाच उड्या पूर्ण करून पंख मिळवले. बलिदान चिन्ह पॅरा स्पेशल फोर्सेसचे आहे. ते सैन्यात दिले जाते, बाजारात घेतले जात नाही. दुकानांत मिळणाऱ्या टोप्या आणि टी-शर्टवर ते छापलेले दिसते, पण ज्यांनी ते कमावले त्यांच्या मानाखातर आपण ते घालू नये.

प्रश्न : निवडीत कोणी बाद झाला किंवा उडी मारताना जखमी झाला, तर त्याची नोकरी जाते का? माझ्या धाकट्या भावाने अर्ज केला आहे आणि घरात सर्वांना काळजी आहे. (एक वाचक, पारनेर, जि. अहिल्यानगर)

निवडीत बाद झाल्याने नोकरी जात नाही. आपला भाऊ दुसऱ्या रेजिमेंटमधून गेला असेल, तर तो तेथेच परत जातो. भरतीनंतर थेट बेंगळुरूला गेलेल्या जवानालाही निवडीत न टिकल्यास इतरत्र नेमता येते. परत येणारे जवान बहुतेक वेळा आपल्या पलटणीतले सर्वांत तंदुरुस्त जवान असतात आणि काही जण पुढच्या वेळी पुन्हा प्रयत्न करून निवडले जातात. त्याच्या परत येण्याकडे घरच्यांनी अपयश म्हणून पाहू नये, कारण गावात होणाऱ्या चर्चेच्या भीतीने जखम लपवून चालत राहणारी मुलेच अधिक संकटात सापडतात.

दुखापतींचे म्हणाल, तर घोटा, गुडघा आणि कंबर ही उडीची नाजूक ठिकाणे आहेत. सरावाच्या उडीत झालेली इजा ही कर्तव्यावरची इजा असते, तिच्यावर सैनिकी रुग्णालयात उपचार होतात आणि कायमचे अपंगत्व आले तर नियमांनुसार आर्थिक लाभ मिळतात. त्यासाठी प्रत्येक इजेची त्याच वेळी वैद्यकीय नोंद होणे अत्यंत आवश्यक आहे. अनेक जवान पाय मुरगळला तरी सरावातून वगळले जाण्याच्या भीतीने नोंद करत नाहीत आणि दहा-पंधरा वर्षांनी गुडघे गेले की हाती कागद नसतो. आपल्या भावाला आजच फोन करून एवढेच सांगावे की त्याने कोणतीही इजा अंगावर काढू नये, पलटणीच्या डॉक्टरांकडे तिची नोंद करून घ्यावी आणि त्या कागदांच्या प्रती घरी पाठवाव्यात. त्या प्रती आपण एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवाव्यात.